टॉक्सोप्लाझ्मा आयजीजी पॉझिटिव्ह आलं, घरात मांजर आहे, आता काय?

आधी ताईंचा प्रश्न थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. त्या दहा आठवड्यांच्या गरोदर आहेत, टॉर्च पॅनेल (गरोदरपणात बाळाला त्रास देऊ शकणाऱ्या काही इन्फेक्शनसाठीची रक्ततपासणी) केलं त्यात टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचं आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम बॉर्डरलाइन आलंय. आयजीजी आणि आयजीएम या अँटीबॉडी, म्हणजे इन्फेक्शनविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं. घरात तीन वर्षांची मांजर आहे, ती कधीच बाहेर जात नाही. ताई स्वतः जन्मापासून शाकाहारी. घरचे म्हणतायत मांजर आजच्या आज कुणाला तरी देऊन टाक. दोन वर्षांपूर्वी एक मिसकॅरेज झालं होतं, ते यानेच झालं असणार असंही कुणीतरी ऐकवलंय. धाकटी बहीण पण चौथ्या महिन्यात आहे, सध्या यांच्याकडेच राहायला आलीये, ती मांसाहारी आहे पण तिचं आयजीजी आयजीएम दोन्ही निगेटिव्ह, त्यामुळे तिच्याबद्दल घरात कुणालाच काळजी नाही. आणि ताईंनी विचारलंय की हे इन्फेक्शन लोकांमध्ये किती कॉमन असतं, मला कुठून झालं असेल आणि बाळाचं काय.

मी मायक्रोबायॉलॉजिस्ट आहे, गेली एकोणीस वर्षं सीरॉलॉजी, म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडीच्या तपासण्या बघते, म्हणजे हे असले रिपोर्ट रोज माझ्या टेबलावरून जातात. ताई, पहिली गोष्ट, तुमच्या घरात काळजीची दिशा चुकलीये असं मला वाटतं. सगळे तुमच्याकडे आणि मांजरीकडे बघतायत. मला विचाराल तर तुमच्या रिपोर्टमधला खरा प्रश्न "झालं का" हा नाहीये, "कधी झालं" हा आहे. आणि पुढच्या पाच महिन्यांत ज्या व्यक्तीला जपायचंय ती बहुतेक तुमची बहीण आहे. का ते सांगते, जरा लांब होईल पण शेवटपर्यंत वाचा.

किती कॉमन आहे ते आधी घेऊ. जगातल्या साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश माणसांना हे इन्फेक्शन आयुष्यात कधी ना कधी होऊन गेलेलं असतं. पण हा आकडा देशागणिक इतका बदलतो की सरासरीला तसा फार अर्थ उरत नाही. अमेरिकेत सहा वर्षांवरच्या लोकांमध्ये साधारण ११ टक्के, ब्राझीलच्या बऱ्याच भागात निम्म्याहून जास्त. फ्रान्सचं उदाहरण मला सगळ्यात जास्त शिकवून जातं, तिथे १९६० च्या दशकात गरोदर बायकांपैकी ८० टक्क्यांच्या आसपास पॉझिटिव्ह होत्या, १९९५ मध्ये ५४ टक्के, २००३ मध्ये ४४, २०१० मध्ये ३७ आणि २०१६ मध्ये ३१ टक्के. तोच देश, आणि पन्नास वर्षांत आकडा निम्म्याच्याही खाली. मांजरी काही तिथल्या कमी झाल्या नाहीत. बदललं ते मांस साठवायची पद्धत, फ्रीझिंग, जनावरं पाळायची पद्धत, खाण्याच्या सवयी आणि लोकांना मिळालेली माहिती. यातूनच कळतं की हा आजार मुख्यतः तोंडावाटे येतो.

आता "पॉझिटिव्ह" म्हणजे काय हे नीट समजून घ्या, कारण इथेच बहुतेक जण घाबरतात. आयजीजी ही शरीराची आठवण आहे. इन्फेक्शन झाल्यावर एक-दोन आठवड्यांत ती दिसायला लागते, एक-दोन महिन्यांत सगळ्यात वर जाते आणि मग हळूहळू उतरते पण जन्मभर राहते. म्हणजे तुम्हाला सातव्या वर्षी झालं असेल तरी आज आयजीजी पॉझिटिव्हच येणार. म्हणून वय वाढेल तसं पॉझिटिव्ह लोकांचं प्रमाण वाढत जातं, त्यात म्हाताऱ्या माणसांना जास्त धोका असतो असं काही नाही, त्यांना आयुष्यात जास्त वर्षं मिळाली एवढंच. एक हिशोब करून बघा. समजा एखाद्या ठिकाणी दर वर्षी न झालेल्यांपैकी १ टक्का लोकांना नव्याने इन्फेक्शन होतंय, तर तिशीपर्यंत साधारण २६ टक्के लोक पॉझिटिव्ह असतील आणि साठीपर्यंत ४५. पण त्याच ठिकाणी गरोदरपणाच्या नऊ महिन्यांत एखाद्या निगेटिव्ह बाईला नव्याने होण्याची शक्यता फक्त पाऊण टक्का. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असतात. "चारातल्या एकीला असतं" हे ऐकायला भयंकर वाटतं, पण त्यातल्या जवळजवळ सगळ्यांचं कधीच होऊन गेलेलं असतं आणि त्यांना पत्ताही लागलेला नसतो.

पत्ता का लागत नाही, तर निरोगी माणसांपैकी ८० ते ९० टक्क्यांना काहीच लक्षणं येत नाहीत. काहींना मानेत एखादी गाठ येते, थोडा ताप, अंग दुखतं, थकवा राहतो, चार-सहा आठवड्यांत जातं, व्हायरल होता म्हणून विसरून जातात. परजीवी मात्र शरीरातून पूर्ण जात नाही, स्नायूंमध्ये मेंदूत बारीक बारीक सिस्ट करून झोपून राहतो आणि आपली प्रतिकारशक्ती त्याला झोपवून ठेवते. म्हणून जुनं इन्फेक्शन खरं त्रासाचं ठरतं ते प्रतिकारशक्ती खूप खाली गेली तर, म्हणजे एचआयव्हीमध्ये सीडी४ (प्रतिकार करणाऱ्या पेशींची संख्या) शंभरच्या खाली गेलंय, अवयव प्रत्यारोपण झालंय, जबरदस्त केमो चालू आहे अशा वेळी. तुमच्यापैकी कुणाचं असं काही असेल तर खालचं सगळं तुम्हाला जसंच्या तसं लागू नाही, डॉक्टरांना आधी सांगा. आणि डोळ्याचं एक वेगळं, टॉक्सोचा जुना डाग डोळ्याच्या पडद्यावर असेल तर तो निरोगी माणसातही पुन्हा उठू शकतो, त्यामुळे अचानक अंधुक दिसायला लागलं, डोळ्यासमोर काळे ठिपके तरंगायला लागले तर थांबू नका.

आता तुमचा रिपोर्ट. आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम बॉर्डरलाइन. आयजीएम म्हणजे "ताजं इन्फेक्शन" असं सगळीकडे शिकवलं जातं आणि पुष्कळ आजारांत ते बऱ्यापैकी बरोबर आहे, पण टॉक्सोच्या बाबतीत आयजीएम फार फसवतं. एक म्हणजे ते काही लोकांमध्ये वर्ष-वर्ष, कधी त्याहूनही जास्त काळ रेंगाळतं. दुसरं म्हणजे खोटं पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि टेस्ट किटवर देखरेख करणारी सरकारी संस्था) १९९७ मध्ये डॉक्टरांना मुद्दाम सूचना काढली होती की नुसत्या आयजीएम किटच्या निकालावर गरोदर बाईबद्दल निर्णय घेऊ नका. साधं गणित आहे, समजा किट १०० पैकी ९७ निरोगी लोकांना बरोबर निगेटिव्ह म्हणतं, तर हजार गरोदर बायका तपासल्या की जवळपास तीस जणींचं काही नसताना पॉझिटिव्ह येणार, आणि त्या हजारात खरं ताजं इन्फेक्शन असणाऱ्या कदाचित दोन-चारच. म्हणजे ज्या घाबरून माझ्याकडे येतात त्यातल्या बहुतेक उगाचच घाबरलेल्या असतात.

मग कळणार कसं कधी झालं. त्यासाठी अविडिटी टेस्ट असते, आयजीजी अविडिटी, ती तुम्ही करून घ्या. ती कशी चालते ते सांगते, मला स्वतःला ही टेस्ट फार आवडते. इन्फेक्शन नवं असताना शरीर जी अँटीबॉडी बनवतं ती परजीवीला सैल चिकटते. जसे महिने जातात तशी पकड घट्ट होत जाते. आम्ही काय करतो, तुमच्या रक्तातलं सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारा पातळ भाग) प्लेटमधल्या दोन खळग्यांत घालतो. एक खळगा साध्या बफरने धुतो आणि दुसरा युरियाच्या तीव्र द्रावणाने. सैल चिकटलेल्या अँटीबॉडी युरियाने निघून जातात, घट्ट चिकटलेल्या टिकतात. मग रंगाचं द्रावण घालायचं, आधी निळं होतं, ॲसिड घालून थांबवलं की पिवळं. जुन्या इन्फेक्शनच्या बाईचे दोन्ही खळगे जवळपास सारखेच पिवळे दिसतात, मशीनमध्ये घालायच्या आधी नुसत्या डोळ्यांनी कळतं. ताज्या इन्फेक्शनचा युरियावाला खळगा एकदम फिका, पाण्यासारखा. दोन्हींचं गुणोत्तर काढून टक्का देतात.

याचा अर्थ लावताना एक गोष्ट लक्षात ठेवायची, जी कित्येकदा रिपोर्ट वाचणाऱ्यांच्याही लक्षात राहत नाही. अविडिटी हाय आली तर इन्फेक्शन साधारण चार महिन्यांपेक्षा जुनं, हे खात्रीने म्हणता येतं. पण लो आली तर ते ताजंच आहे असं म्हणता येत नाही, कारण काही लोकांची अविडिटी वर्षभरही लो राहते. म्हणजे ही टेस्ट एका बाजूनेच भक्कम आहे. तुम्ही दहा आठवड्यांवर आहात, आज घेतलेल्या रक्तात अविडिटी हाय आली तर इन्फेक्शन गर्भ राहण्याच्या आधीचं, विषय तिथेच संपला. हीच टेस्ट पाचव्या-सहाव्या महिन्यात केली तर हाय येऊनही तेवढं ठामपणे सांगता येत नाही, कारण मधल्या काळात पकड घट्ट व्हायला वेळ मिळालेला असतो. म्हणून आत्ताच करा, दोन आठवडे वाट बघू नका. लॅबमध्ये तुमचं आधीचं सीरम ठेवलेलं असेल तर त्याच्यावरच करता येते का विचारा, आणि दोन-तीन आठवड्यांनी दुसरा नमुना घेणार असतील तर दोन्ही नमुने एकाच लॅबमध्ये एकाच दिवशी शेजारी शेजारी लावायला सांगा. वेगवेगळ्या लॅबचे, वेगवेगळ्या किटचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत, इथे ६० आणि तिथे १४० आलं म्हणजे वाढलं असं होत नाही.

काही वर्षांपूर्वी एक जोडपं माझ्याकडे आलं होतं, नवव्या आठवड्यात आयजीएम पॉझिटिव्ह आलेलं, तीन आठवडे स्पायरामायसिन (टॉक्सो बाळापर्यंत जाऊ नये म्हणून देतात ते अँटिबायोटिक) घेऊन झालेलं, मांजर लांबच्या नातेवाइकांकडे सोडून आलेले, आणि ती मुलगी खुर्चीत बसून फाइलीच्या कोपऱ्यावरचं प्लास्टिक नखाने सोलत होती, बोलत काहीच नव्हती. अविडिटी केली, हाय आली, अगदी स्पष्ट. मी तिला दोन खळगे दाखवले, म्हटलं बघ, दोन्ही पिवळे. ती रडली. नवऱ्याने पहिला प्रश्न विचारला, मांजर परत आणू का. आणा म्हटलं. ही टेस्ट तीन आठवडे आधी कुणी सांगितली असती तर ते तीन आठवडे तिला काढावे लागले नसते, म्हणून मी इतकं लांबलचक लिहितेय.

समजा तुमची अविडिटी लो आली, किंवा दोन नमुन्यांत आयजीजी खरंच वाढताना दिसलं, तरी मार्ग आहेत. आईकडून बाळाकडे जाण्याची शक्यता सुरुवातीच्या महिन्यांत कमी असते आणि पुढे वाढत जाते. २००७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात अनेक देशांतल्या अभ्यासांची माहिती एकत्र करून आलेलं विश्लेषण आहे, त्यात आईला १३ व्या आठवड्यात झालं तर बाळाला जाण्याची शक्यता १५ टक्के, २६ व्या आठवड्यात ४४ आणि ३६ व्या आठवड्यात ७१ टक्के अशी आली. पण लवकर गेलं तर परिणाम जास्त गंभीर, उशिरा गेलं तर सहसा सौम्य. त्यामुळे ताजं असण्याची शक्यता वाटली तर डॉक्टर सहसा स्पायरामायसिन सुरू करतात, १८ आठवड्यांनंतर गर्भजलाचा पीसीआर (परजीवीचा डीएनए शोधणारी टेस्ट) करून बाळापर्यंत गेलंय का बघतात, आणि गेलं असेल तर औषधं बदलतात. हे तुमच्या गायनॅक आणि फीटल मेडिसिनवाल्यांनी ठरवायचं, सोनोग्राफीत काय दिसतं यावरही अवलंबून आहे, मी इथून ठरवू शकत नाही. एवढंच सांगते की पॉझिटिव्ह रिपोर्ट आला म्हणून गर्भपाताचा विचार कुणी सुचवला तर अविडिटी, दुसरा नमुना आणि गरज पडल्यास गर्भजल, हे झाल्याशिवाय अजिबात हो म्हणू नका.

आणि अविडिटी हाय आली, जे तुमच्या बाबतीत जास्त शक्य वाटतं, तर ते तुमच्या बाळासाठी चांगलंच आहे. गर्भ राहायच्या आधी झालेलं इन्फेक्शन निरोगी आईकडून बाळाकडे जाणं अत्यंत विरळ. तुमच्या शरीराला हा परजीवी आधीच ओळखीचा आहे.

मिसकॅरेजबद्दल. हे वाचून मला वाईट वाटलं, कारण असं बोलून गेलेलं माणूस विसरतं आणि ऐकणारी बाई आयुष्यभर घेऊन बसते. लवकर होणाऱ्या मिसकॅरेजपैकी साधारण निम्म्यांमागे गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष असतो, त्यात आईने काय केलं काय नाही याचा काही संबंध नसतो. टॉक्सोचं नवं इन्फेक्शन त्याच गरोदरपणात झालं तर क्वचित मिसकॅरेज होऊ शकतं हे खरं, पण जुनं झोपलेलं इन्फेक्शन पुन्हा पुन्हा गर्भ पाडतं याला आधार नाही. म्हणूनच वारंवार मिसकॅरेज होणाऱ्या बायकांनाही टॉर्च पॅनेल करण्याचा उपयोग नाही असं आता तज्ज्ञ सांगतात. दोन वर्षांपूर्वीचं कारण आजच्या रिपोर्टवरून काढता येत नाही, आणि तो दोष तुमच्यावर किंवा मांजरीवर टाकणं तर त्याहून चुकीचं.

आता मांजर. मांजर या गोष्टीत आहे, नाही असं मी म्हणणार नाही. हा परजीवी १९०८ मध्ये ट्युनिसमध्ये गुंडी नावाच्या एका उंदरासारख्या प्राण्यात सापडला, त्याच वर्षी ब्राझीलमध्ये सशातही, पण तो पसरतो कसा हे कळायला १९७० उजाडलं. तेव्हा नक्की झालं की मार्जारकुळातल्या प्राण्यांच्या आतड्यातच तो लैंगिक पद्धतीने वाढतो आणि त्यांच्याच शीतून त्याचे ऊसिस्ट, म्हणजे कवच असलेली सूक्ष्म अंड्यांसारखी रूपं, बाहेर पडतात. बाकी सगळे प्राणी, पक्षी, आपण, हे मधले यजमान. पण तपशील बघा. मांजरीला पहिल्यांदा इन्फेक्शन होतं, बहुधा उंदीर किंवा कच्चं मांस खाऊन आणि बहुधा लहान असताना, तेव्हा ती एक ते तीन आठवडे लाखो ऊसिस्ट टाकते, आणि त्यानंतर सहसा टाकत नाही. कुठल्याही एका दिवशी बघितलं तर जेमतेम एक टक्का मांजरी टाकत असतात. वर ताज्या शीतले ऊसिस्ट लगेच लागण करूच शकत नाहीत, त्यांना बाहेर पडून तयार व्हायला एक ते पाच दिवस लागतात. मांजर स्वतःला सारखी चाटून साफ ठेवते, त्यामुळे अंगावरच्या केसांत तयार झालेले ऊसिस्ट मिळण्याची शक्यता नगण्य. कुरवाळल्याने, मांडीवर घेतल्याने, ओरखडल्याने हे होत नाही.

तुमची मांजर तीन वर्षांची, घराबाहेर न जाणारी, शिकार न करणारी. कच्चं मांस देत नसाल तर तिच्याकडून तुम्हाला झालं असण्याची शक्यता फार कमी वाटते. तिची रक्ततपासणी करून आणायची पण गरज नाही, पॉझिटिव्ह आली तर तिचे ते आठवडे होऊन गेलेत एवढंच कळेल.

मग शाकाहारी माणसाला होतं कसं. मातीतून आणि पाण्यातून. एका मांजरीने दोन आठवड्यांत टाकलेले ऊसिस्ट ओलसर मातीत वर्षभराहून जास्त जिवंत राहू शकतात. मातीत हात घालून काम केलं आणि नीट न धुता तोच हात तोंडाला गेला, मुळाशी माती असलेली भाजी कच्ची खाल्ली, लहानपणी वाळूच्या ढिगात खेळलात, मोकळी भुसभुशीत माती-वाळू मांजरींना नेमकी आवडते. यातलं काहीतरी कधीतरी प्रत्येकाच्या आयुष्यात झालेलंच असतं. अमेरिकेत मेरीलँडमध्ये बहुतांश मांस न खाणाऱ्या एका धार्मिक पंथाच्या लोकांची तुलना इतरांशी केली होती, इतरांमध्ये ५० टक्के पॉझिटिव्ह तर त्यांच्यात २४ टक्के. म्हणजे मांस न खाल्ल्याने धोका निम्मा झाला, शून्य नाही झाला. उरलेलं माती-पाणी.

पाण्याला लोक विचारात घेतच नाहीत. १९९५ मध्ये कॅनडात ब्रिटिश कोलंबियातल्या व्हिक्टोरिया शहरात नळाच्या पाण्यातून उद्रेक झाला, शंभराच्या आसपास रुग्ण प्रत्यक्ष सापडले आणि लागण झालेल्यांचा अंदाज हजारोंत गेला, संशय होता जलाशयाच्या आसपास फिरणाऱ्या मांजरी आणि कुगर या मोठ्या रानमांजरावर. २००१-०२ मध्ये ब्राझीलच्या सांता इसाबेल दो इवाई गावात असंच, चारशेहून जास्त लोक, तिथे पाण्याच्या टाकीच्या आवारात मांजर आणि तिची पिल्लं राहत होती. क्लोरीनने ऊसिस्ट मरत नाहीत. गाळल्याने अडतात आणि उकळल्याने मरतात. त्यामुळे नदी-विहिरीचं न गाळलेलं पाणी असेल तर उकळूनच.

आणि मांसाहारी लोकांत मोठा वाटा अर्धकच्च्या मांसाचा. युरोपातल्या सहा शहरांत गरोदर बायकांवर एक अभ्यास झाला, २००० मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला, त्यात नव्या इन्फेक्शनपैकी ३० ते ६३ टक्क्यांचं कारण कमी शिजलेलं किंवा नुसतं खारवून वाळवलेलं मांस निघालं, ६ ते १७ टक्के मातीशी संपर्क, आणि मांजर घरात असणं हा त्यात धोका म्हणून दिसलाच नाही. मी हा अभ्यास घरच्यांना वाचून दाखवायला सांगते, कारण मांजरीवर ठपका ठेवला की माणसं मांजर घालवून निर्धास्त होतात आणि चमच्याने कच्च्या खिम्याच्या मसाल्याची चव बघत राहतात.

आता बहीण. ती निगेटिव्ह आहे म्हणजे तिला अजून झालेलं नाही, तिच्याकडे ती आठवण नाही, म्हणून नव्याने होण्याचा धोका तिलाच आहे. ती मांसाहारी आहे तर मांस आतपर्यंत शिजलेलं हवं, खिमा ७१ अंश सेल्सिअसपर्यंत, मोठे तुकडे निदान ६३ अंशांपर्यंत नेऊन तीन मिनिटं तसेच ठेवायचे, चिकन ७४. थर्मामीटर नसेल तर आत गुलाबी राहता कामा नये आणि रस स्वच्छ निघायला हवा. डीप फ्रीझरमध्ये उणे १८ ला काही दिवस ठेवलेलं मांस जास्त सुरक्षित, पण म्हणून शिजवणं सोडायचं नाही. मायक्रोवेव्हवर भरवसा नको, तो एकसारखं तापवत नाही. कच्च्या मांसाची सुरी आणि फळी सॅलडला वापरायची नाही, शिजायच्या आधी चव घ्यायची नाही, न तापवलेलं दूध नको, त्यातही शेळीचं. कच्च्या भाज्या-फळं वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायची, शक्य ते सोलायचं. व्हिनेगर किंवा ब्लीचच्या पाण्यात बुडवल्याने ऊसिस्ट मरत नाहीत, चोळून धुतल्याने ते निघून जातात, त्यामुळे भर चोळण्यावर द्या. कुंड्यांचं काम करायचंच असेल तर हातमोजे, नंतर साबणाने हात, नखांखालीसुद्धा.

लिटर ट्रे घरातल्या बाकी कुणीतरी साफ करायचा, आणि रोज. आठवड्यातून एकदा करून चालणार नाही, कारण ते ऊसिस्ट तयार व्हायच्या आत बाहेर गेले पाहिजेत. ट्रेवर उकळतं पाणी ओतून घेतलं तर उत्तम. मांजरीला कच्चं मांस नाही आणि या पाच-सहा महिन्यांत नवीन पिल्लू घरात आणायचं नाही, एवढं पाळलं तर मांजर तुमच्याजवळ राहू दे.

बहिणीची टेस्ट पुन्हा करायची का, हे तुम्ही राहता तिथल्या पद्धतीवर आहे. फ्रान्सने १९९२ पासून निगेटिव्ह गरोदर बायकांची दर महिन्याला तपासणी ठरवली, बरेच देश सरसकट करत नाहीत. तिला मधेच ताप आला, मानेत गाठ आली, किंवा अर्धकच्चं मांस खाल्लं गेलं तर मात्र लगेच डॉक्टरांना सांगून आयजीजी करून घ्यायचं. आजचा तिचा निगेटिव्ह रिपोर्ट जपून ठेवा, पुढे कधी पॉझिटिव्ह आलं तर "कधी झालं" याचं उत्तर त्याच कागदावर असेल.

तुमची अविडिटी आली की इथे लिहा, पण नुसता टक्का नको, किटची मर्यादा (किती टक्क्यांच्या वर हाय, किती खाली लो) काय दिलीये आणि रक्त कोणत्या तारखेला, कितव्या आठवड्यात घेतलं तेही लिहा, त्याशिवाय मला काही सांगता येणार नाही.